गाडीला पंख लावला ती आखाजी

बारातीसाठी गाडी ठरवायला आलेल्या नवरदेवाने कागद माझ्यापुढे धरला तेव्हा माझे दोन्ही हात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात होते. कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेलं चित्र होतं ते. लाल, बसकी, जमिनीला चिकटलेली गाडी, आणि तिच्या डिकीवर दोन पायांवर उभी असलेली एक आडवी फळी.

"बटण दाबलं की हा पंख वर येतो, भाभी," तो म्हणाला. "आत मोटर असते. तुमच्या गाडीला असं काही आहे का? नसेल तर राहू द्या. भुसावळला एक जण कोरी गाडी देतोय बारातीला."

आज कुणी मला असं विचारलं तर मी सांगेन, बाबा रे, आमच्या गाडीची डिकी उघडायलाच गुडघा लावावा लागतो, तू पंखाचं कुठे घेऊन बसलास! पण तेव्हाची मी म्हणजे जळगावातली एक नंबरची फुशारकीण. मेहरूण तलावाजवळच्या मोकळ्या जागेत गाडी शिकले होते, लायसन काढलं होतं, आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बाजारातून एकदा फिरून आले होते. त्या एका फेरीनंतर मला कशालाच नाही म्हणता येईनासं झालं होतं.

मी पिठाचे हात झटकले आणि म्हणाले, "लावायलाच घेतलाय. पार्ट तेवढा यायचाय."

ओसरीतल्या खाटेवरून आमचे हे खोकले. त्यांचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मुंग्या येत होत्या म्हणून त्यांच्या गच्चीवर चढून अँटेना फिरवायला गेले आणि अँटेना धरूनच खाली आले. चित्र मात्र म्हणे त्यानंतर स्वच्छ दिसायला लागलं.

नवरदेव खूश होऊन गेला. मग हे म्हणाले, "कुठला पार्ट?"

"ते तुम्हीच सांगा," मी म्हणाले आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्या वेळी मी हसले होते की काय कोण जाणे. हसले असेन तर ते शेवटचं. कारण भाकरी उलटेपर्यंत माझं बोलणं माझ्याच ध्यानात आलं, आणि मग आखाजीपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

गाडी आमची होती, पण कागदावर नानांची. नाना म्हणजे माझे थोरले दीर, धुळ्याचे. पांढरी, मोठ्या पोटाची जुनी गाडी त्यांनी घेतली आणि धाकट्या भावाला दिली, की जा, जळगावात लग्नाच्या वराती कर, पोट भर. नाना वाईट माणूस नव्हेत. पण दिलेल्या वस्तूकडे ते नेहमी उसनी दिल्यासारखं बघायचे. यांचा पाय मोडल्यावर पहिल्या बसने आले, दवाखान्यात रडले, आणि डोळे पुसता पुसताच म्हणाले, "आता गाडी विकू. तुम्ही दोघं धुळ्याला या घरी. मी आहे ना."

त्या "मी आहे ना"ची मला धास्ती होती. लग्नानंतरची पहिली वर्षं मी त्या घरात काढली होती. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त हे तिथे मान खाली घालून जेवायचे. वाढलं ते खायचे, विचारलं तर हो म्हणायचे, आणि नाना बोलायला लागले की यांचा घास हातातच थांबायचा. जळगावला आलो आणि पहिल्याच आठवड्यात यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून मला सांगितलं. मी इतकी आनंदले की दुसऱ्या दिवशी मुद्दाम कमी घातलं.

गाडी गेली की ते मीठ मागणारं माणूस परत मान खाली घालणार, एवढंच मला दिसत होतं.

मी नानांना म्हणाले, "गाडी मी चालवेन."

नानांनी माझ्याकडे बघितलंच नाही. यांच्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, "आखाजीपर्यंत बघू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं. शेतावरच्या गड्याला ठेवायचं की दुसरा बघायचा, ते त्या दिवशी ठरतं. नानांनी मला सालदाराच्या रांगेत बसवलं होतं. त्यांची अट अशी: आखाजीला या नवरदेवाच्या मारवाडी कुटुंबाची बारात जळगावहून धुळ्याला जाणार आहे. त्यांच्या भावकीत पुढे सगळा वैशाख लग्नं आहेत. नवरदेव खूश झाला आणि त्यांनी पुढच्या लग्नांना हीच गाडी धरली, तर नाना बोलणार नाहीत. नाही तर त्याच दिवशी गाडी धुळ्यात त्यांच्या दारात लावायची. गिऱ्हाईक त्यांनी पाहून ठेवलं होतं.

आणि त्या नवरदेवाला मी पंख कबूल करून बसले होते.

कूलर बनवणारे आबा आमच्या गल्लीच्या तोंडाशी होते. चैत्र-वैशाखात जळगावात देवापेक्षा कूलरवाल्याच्या दारात जास्त गर्दी असते. मी चित्र घेऊन गेले तेव्हा ते पत्र्याला खाचा पाडत होते. मूळचे पारोळ्याकडचे. रागावले की आणि लाडात आले की अहिराणीत शिरायचे, त्यामुळे नेमकं काय झालंय ते कळायचं नाही.

"हाई काय शे?" त्यांनी चित्र उलटं धरलं.

"पंख."

"गाडीले पंख? कोठे उडी जाई ती?"

"आबा, हसू नका. हा लागला नाही तर आम्ही धुळ्याला जाऊ."

त्यांनी चित्र सुलटं केलं. मग मागच्या ढिगातून कूलरच्या पाठीचा उरलेला पत्रा ओढला. त्याला खाचा आधीच पाडलेल्या होत्या, जिथून वाळ्याची हवा येते तशा. "कोरा पत्रा आखाजी व्हस तोवर भेटाव नही," ते म्हणाले. "पत्रा मना, नशीब तुनं. ने, माय."

तर आमच्या पंखाला कूलरच्या खाचा होत्या. जगातल्या कुठल्याही गाडीला तसा पंख लागला नसेल. आत लाकडी पट्टी घालून आबांनी पत्रा दुमडला, दोन लोखंडी पाय जोडले आणि पायांना कपाटाच्या बिजागऱ्या. पंख डिकीवर आडवा पडायचा आणि हाताने उचलला की उभा राहायचा. हाताने.

मोटरचं यांनी सुचवलं. खाटेवर पडून पडून माणूस नुसता छताकडे बघायचा, त्या दिवशी पहिल्यांदा कोपरावर उठला. "वायपरची मोटर," म्हणाले. "काच पुसणारी. ती दांडी पुढे-मागे करते ना, तशीच वर-खाली करेल." मग पेन्सिल मागितली आणि कागद मिळेपर्यंत धीर न धरता स्वतःच्या प्लॅस्टरवर वायरिंग काढायला लागले. बॅटरी गुडघ्यावर, बटण घोट्याशी, मोटर मांडीवर. मी शेजारी बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हे एवढं टिकू दे.

भंगारातून एका मोडक्या ट्रकच्या वायपरची मोटर आणली. ट्रकची मोटर आमच्या गाडीच्या बॅटरीवर दमादमाने चालायची, म्हातारा जिना चढतो तशी. ते मला आवडलं. म्हटलं, पंख कसा थाटात वर येईल.

पण मोटर डिकीच्या आत आणि पंख बाहेर. दांडी बाहेर काढायला डिकीच्या झाकणाला भोक पाडावं लागणार होतं. चांगल्या, न चेपलेल्या, नानांच्या नावावरच्या झाकणाला. आबा छन्नी घेऊन आले आणि झाकणाकडे बघत उभे राहिले.

"माय, हाई मी करू नही शकत," ते म्हणाले. "नाना माले वळखतस."

म्हणून मी केलं. पदर कमरेला खोचला, छन्नी धरली, हातोडा उचलला. पहिला घाव बसला तेव्हा ओसरीतल्या यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पत्रा फाटल्याचा तो आवाज मला आजही नको वाटतो. त्या भोकानंतर माघार नव्हती. आता गाडी विकायची म्हटली तरी भोकासकट विकावी लागणार होती, आणि त्या भोकाचं उत्तर नानांना मला द्यायचं होतं. मी घाव घालत होते आणि रडत होते, आणि रडताना घाव वाकडे पडत होते. भोक शेवटी असं झालं, जसं उंदराने कुरतडलंय. आबांनी कडेला रबर लावून दिलं आणि म्हणाले, "आते बरं दिखस." दिसत नव्हतं.

वायर मागच्या सीटखालून, गालिच्याखालून पुढे आणली. बटण स्टिअरिंगच्या डावीकडे. सगळं जोडून झालं तेव्हा खाट अंगणात आणून ठेवली, म्हणजे यांना दिसेल. गल्लीतल्या बायका शेवया सोडून आल्या. मी आत बसले, चष्मा लावला (हो, काळा चष्मा, घरापुढे, अंगणात) आणि बटण दाबलं.

मोटर घरघरली. पंख हळूहळू उठला. बायकांनी "अगं बाई!" केलं. पंख पुरता उभा राहिला आणि मी दिमाखात बटण बंद केलं.

पंख आडवा झाला.

पुन्हा दाबलं, पुन्हा उठला. बंद केलं, पुन्हा झोपला. चालूच ठेवलं तर उठ-बैस, उठ-बैस. शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"वायपर बंद केला की काचेच्या तळाशी जाऊन निजतो ना," हे खाटेवरून हताश होऊन म्हणाले. "मोटरला तीच सवय. बटण बंद केलं तरी ती घरी जाऊनच थांबते."

एक बाई म्हणाली, "मग चालू नका करू, आणि बंदही नका करू." मी तिच्याशी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही.

उपाय यांनीच सांगितला: मोटरला घरी नेणारी एक वेगळी वायर असते, ती कापायची. मग बटण बंद होईल तिथेच ती थांबेल. कापली. पण आता पंख नेमका वर असतानाच बटण सोडायला हवं. थोडं इकडेतिकडे झालं की पंख अर्ध्यात लटकायचा, लंगड्या कोंबड्यासारखा. माझी पाठ त्याच्याकडे, आरशात दिसतं ते आबांचं पोट. शेवटी हे खाटेवरून "बस्स!" ओरडायचे आणि मी बटण सोडायचे. सारी दुपार अंगणात "बस्स! बस्स!" चाललं होतं. लोकांना वाटलं, नवरा-बायकोचं भांडण लागलंय.

आणि फ्यूज. पंख तीन-चारदा उठला की फ्यूज उडायचा. दुकानात गेले तर त्या मापाचा फ्यूज संपलेला. हे म्हणाले, "तारेऐवजी सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळ." अख्खा खानदेश तेव्हा चंदेरी कागदावर चालत होता. घरचे दिवे, विहिरीवरचे पंप, पिठाची गिरणी, सगळं. मी विचारलंसुद्धा नाही की फ्यूज असतो कशासाठी. गुंडाळला. मग फ्यूज उडेनासा झाला, आणि मला वाटलं, सुटले.

आखाजीच्या सकाळी माझ्याकडे घागर भरायलाही वेळ नव्हता. पितरांची घागर शेजारणीने भरली, सांजोऱ्या तिनेच ठेवल्या. हे खाटेवरून म्हणाले, "बस्स कोण म्हणेल तुला?"

"मीच म्हणेन."

"नानांपुढे फार बोलू नको."

"आणि तुम्ही?" मी म्हणाले. मला लगेच वाईट वाटलं, पण चष्मा लावून झाला होता.

नवरदेवाच्या दारात त्याची आत्या, सगळे तिला बुआजी म्हणायचे, आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने स्टिअरिंगवर मला पाहिलं आणि ताट खाली आणलं. "ड्रायव्हर कोठे?"

"मीच."

"औरत? नवरदेवाची गाडी औरत चालवणार? आखातीजच्या दिवशी?"

"बुआजी, घोडीपण औरतच असते," नवरदेव म्हणाला आणि गाडीत बसला. मला त्याचा राग यावा की प्रेम, काही कळेना. मी गाडी काढली.

एरंडोल, पारोळा. रस्त्यावर डांबर वितळलेलं. मागे जीप, मेटॅडोर. पारोळ्याच्या पुढे नवरदेव म्हणाला, "भाभी, पंख?" मी बटण दाबलं, मनात "बस्स" म्हटलं, सोडलं. तो मागे वळून बघत राहिला आणि लहान मुलासारखा हसला. मी आरशात पाहिलं. पंख उभा होता, पुरता उभा. त्या क्षणी मला वाटलं, गाडी राहिली. धुळ्याच्या अलीकडे मी तो पुन्हा आडवा केला, म्हणजे मांडवापुढे सगळ्यांसमोर उठवता येईल. केवढी हौस!

मांडवाच्या गल्लीत गाडी लावली. नाना आधीच आलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. गाडीभोवती एक फेरी मारली. डिकीजवळ थांबले. रबर लावलेल्या भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी पिऊन घे," एवढंच म्हणाले.

मी पाणी प्यायला गेले, आणि तेवढ्यात फुलवाला आला.

आमच्याकडे वरातीच्या गाडीला फुलांची जाळी घालतात. झेंडू-मोगऱ्याच्या माळांची विणलेली अख्खी चादर, बॉनेटपासून टपावरून थेट मागच्या बंपरपर्यंत, आणि सुतळीने घट्ट बांधून टाकतात, म्हणजे नाचणारी पोरं ओढत नाहीत. फुलवाल्याने त्याचं काम चोख केलं. पंखावरूनही जाळी नेली आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुतळीचे वेढे घालून बंपरला आवळून टाकलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी आले तेव्हा गाडी इतकी सुंदर दिसत होती की मी बघतच राहिले. जाळीखाली पंख होता, हे माझ्याही लक्षात राहिलं नाही. गाडी चालवायला लागल्यापासून मी पुढेच बघायला शिकले होते.

बॅन्ड सुरू झाला. गाडी माणसाच्या चालीनेही चालत नव्हती. इंजिन तापलं, काटा वर गेला, म्हणून मी ते बंद केलं, आणि नवरदेवाच्या दोस्तांनी हौसेने ढकलायला घेतलं. मांडवाचं दार आलं. गच्चीवर मुलीकडच्या बायका. नाना दाराशी. नवरदेवाने मागून माझ्या खांद्याला हात लावला. "भाभी, आता!"

मी दाबलं.

घरघर झाली आणि काहीच हललं नाही. मी दाबून धरलं. घरघर चिडकी झाली. फ्यूज उडायला हवा होता तो इथे, पण तो उडणार कसा, मी त्याला चंदेरी कागदाची वस्त्रं नेसवली होती. बटणाखालून जळक्या रबराचा वास आला. बोटाला चटका बसला, मी हात काढला, तर बटण आतच. वितळून चिकटलेलं.

मग सुतळी तुटली.

पंख एकदम वर आला आणि त्याने जाळी मागे खेचली. बॉनेटवरची, काचेवरची, टपावरची सगळी फुलं सर्रकन मागे गेली, अंगावरची चादर ओढावी तशी. गाडी लोकांपुढे उघडी पडली. आणि पंख थांबेना. वर, खाली. वर, खाली. बंपरवरून जाळीचा गुंता उचलायचा आणि आपटायचा. झेंडूच्या पाकळ्या बॅन्डवाल्यांच्या कर्ण्यात गेल्या. एकाचा सूर बसला. पोरं पंखाच्या तालावर नाचायला लागली, गच्चीवरच्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी बटण उपटायला बघत होते, ते निघत नव्हतं; वायर थेट बॅटरीची, त्यामुळे किल्ली काढूनही फरक पडत नव्हता. बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायची, एवढी साधी गोष्ट. पण खाली उतरायला दार उघडेल एवढी जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला सुचलंच नाही. मी नुसती "बस्स, बस्स" म्हणत होते. स्वतःशीच, मोठ्याने.

पंख आपोआप थांबला, पण तेव्हा बॅटरीत काही उरलं नव्हतं. एक पाय वाकला होता. नवरदेव खाली उतरला, माझ्याकडे न बघता आत गेला. बुआजी त्याच्या मागून जाताना म्हणाली, "बोलले होते मी."

लग्न लागत होतं तेव्हा मी गाडीतच बसून होते. तिथे ऊन होतं, पण मांडवात जायचं तोंड नव्हतं. जेवणं झाल्यावर नाना आले. काचेशी वाकले.

"पुढच्या लग्नांचं विचारलं त्यांना," ते म्हणाले. "नाही म्हणाले."

मी मान हलवली.

"नवरा-नवरी जीपने जातील. तू गाडी घरी लाव. गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. उद्या मी तुला बसने सोडतो, दोन दिवसांत सामान आवरा." आणि मग जरा थांबून, हळू आवाजात: "पोरी, मी काय तुमचं वाईट करतोय का?"

नव्हतेच करत. तेच तर. त्यांच्याशी भांडायला मला जागाच नव्हती. मला यांचा हातातला थांबलेला घास दिसत होता.

तेवढ्यात पाठवणी निघाली. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती, बायका रडत होत्या. रडत रडत ती गाडीपर्यंत आली, आणि तिची नजर डिकीवर गेली. वाकड्या पायावर लटकलेला कूलरचा पत्रा, खाचाखाचांत अडकलेले झेंडू. तिचा हुंदका मध्येच तुटला. तिने नाक ओढलं, पुन्हा बघितलं, आणि फस्सकन हसली. मग तिला आवरेचना. आई म्हणाली, "अगं, रड!" त्यावर ती आणखीच हसली.

"मी हिच्यातच बसणार," ती म्हणाली.

"जीप लावलीय बेटा," बुआजी म्हणाली.

"हिच्यातच." आणि बसली. मग नवरदेवालाही बसावंच लागलं. तोंड फुगवून.

"मग सोडून ये त्यांना जळगावला आणि उद्या—" नाना म्हणायला लागले, मग त्यांनाच पटेना. "नको. आधी घराशी चल. त्यांना दारातून जीपमध्ये घालू. चालू कर."

"चालू होत नाही," मी म्हणाले. "धक्का लागेल."

नानांनी टोपी काढून खिशात घातली. बाह्या वर केल्या. चार पाहुणे बोलावले आणि स्वतः मधोमध, त्या भोकाच्या बरोबर मागे उभे राहिले. "हं, मार!"

मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडी हबकली, खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. नानांच्या घराला डावीकडे वळायचं होतं. मी शपथेवर सांगते, मी डावीकडे वळणारच होते. पण वळणावर एक हातगाडी आडवी होती, आणि वेग कमी केला तर इंजिन बंद पडणार, आणि बंद पडलं तर परत धक्का. मी सरळ गेले. आरशात नाना दिसले, धुरात, हात वर करून. ते धावले थोडं. मग थांबले. मी थांबले नाही.

गाव मागे पडलं. हॉर्न वाजत नव्हता. समोर मेंढरं आली, मी खिडकीतून डोकं काढून ओरडले. मागून नवरीही ओरडली. कुठेही इंजिनाचा श्वास अडकला असता तर संपलं होतं. पाय ॲक्सिलरेटरवर आणि डोळ्यांतून पाणी, चष्मा काढायला हात मोकळा नव्हता. एरंडोलनंतर नवरदेव हळूच म्हणाला, "भाभी, तुम्ही थांबल्या का नाहीत?"

"बॅटरी," मी म्हणाले.

नवरी म्हणाली, "खोटं." आणि पुन्हा हसली.

दोघांना इंजिन चालू ठेवूनच त्यांच्या दारात उतरवलं, आरतीसाठी आलेलं ताट मागे ठेवून निघाले, आणि आमच्या दारापुढे गाडी आपोआप गचकली.

सकाळच्या पहिल्या बसने नाना आले. आत आले नाहीत. हात पुढे केला, मी किल्ली दिली. न द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. होती ती आदल्या दिवशी संपली होती. ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा. टक्.

बाहेर येऊन म्हणाले, "कुणी धक्का मारा रे."

आबा कूलरपाशी उभे होते. "मना हात दुखस, नाना," ते म्हणाले आणि दुखणाऱ्या हाताने पत्र्यावर हातोडा मारायला लागले. समोरचा म्हणाला, आंघोळ झालीय. त्याच्या शेजारचा म्हणाला, व्हायचीय. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि एकही माणूस बाहेर येत नव्हता. नाना एकटेच डिकीला खांदा लावून उभे राहिले. गाडी जागची हलली नाही. मी दारात उभी होते आणि मला रडू येत होतं, त्यांच्यासाठीसुद्धा.

मग ओसरीतून यांचा आवाज आला.

"मी मारला असता धक्का, नाना," हे म्हणाले. "पण पाय असा आहे."

नाना वळले. हे कोपरांवर उठून बसले होते. मान वर. नानांच्या डोळ्यांत बघत होते. माझ्या लग्नापासून मी हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता नाना काहीतरी बोलतील आणि ही मान परत खाली जाईल.

नाना येऊन खाटेच्या कडेला बसले, प्लॅस्टरवरची ती पेन्सिलीची वायरिंग बघायला लागले. घोट्यापासून मांडीपर्यंत बोट फिरवलं.

"इथे फ्यूज कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तिने कागद गुंडाळला," हे म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून!" मी दारातूनच ओरडले.

नानांनी किल्ली खाटेवर ठेवली. अगदी सहज ठेवली, जड वाटली म्हणून ठेवावी तशी. "पावसाळ्यापर्यंत," ते म्हणाले. "आणि ते भोक बुजवा." मग माझ्याकडे न बघता, "चहा आहे का?"

चहात मी साखर टाकायची विसरले. नानांनी तो तसाच प्यायला. यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि नानांच्या देखत मला म्हणाले, "साखर दे."